शमीमने मला लिहून दिलं होतं

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही — तो बिचारा मी किती सरळ बाई आहे हे लोकांना सांगत सांगतच गेला. मुलांपाशी नाही. सुनेपाशी तर नाहीच. तिच्यापाशी मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी कबूल करत नाही. देवापाशीही नाही, कारण त्याच्यासमोर बसलं की मी हटकून गुडघ्यांचा विषय काढते आणि बाकीचं राहून जातं. तुम्ही माझे कोण लागता? कोणीच नाही. म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसल्यापासून दोन कप चहा झाला, आणि मी अजून भाजीच्या मिठावरच आहे.

तर — मी हॉकीची कोच होते. पुण्यातल्या मुलींच्या एका कॉलेजात, एकतीस वर्षं. खडकीत वाढले, वडिलांचं क्वार्टर मैदानाला लागून, जवान खेळायचे ते मी कुंपणावर बसून बघायचे. तिथेच हॉकी डोक्यात शिरली आणि पुढे डोक्यावरच बसली. आता वारज्याला चौथ्या मजल्यावर राहते आणि खालच्या बागेत बॅडमिंटन खेळणाऱ्या बायकांना न मागता सल्ले देते. त्या मला टाळतात. त्यांना अक्कल आहे.

पस्तिशीतली मी तुम्ही बघायला हवी होती. पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, आणि अंबाडा इतका घट्ट बांधलेला की भुवया वर ओढल्या जायच्या — लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईंना सदैव कशाचं तरी आश्चर्य वाटतंय. चालायची कशी, तर छाती काढून, पावलं मोजत. आपण लष्करप्रमुख आहोत आणि आपल्या हाताखाली सोळा मुली नसून सोळा तुकड्या आहेत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. स्वयंपाकघरातही शिट्टी गळ्यातच असायची. एकदा कुकर आणि मी एकदम वाजलो, तेव्हा नवरा म्हणाला, "आता नक्की कोणाचा गॅस बंद करू?" मला हसू आलं नाही. तेव्हा मला कशाचंच हसू येत नसे. मोठा माणूस होते ना!

माझ्यावरून वाद पुष्कळ झाले. मुलींनी स्कर्ट घालायचा की पँट, यावरून पालकांचं शिष्टमंडळ आलं होतं. मी त्यांना पाच मिनिटं साडी नेसून गोलपोस्टमध्ये उभं राहायला सांगितलं. कॉलेजच्या एका विश्वस्तांना मैदानावर हळदीकुंकवाचा मांडव घालायचा होता. मी मधल्या रेषेवर माझी स्कूटर आडवी लावली आणि किल्ली घेऊन घरी गेले. एकदा पंचाच्या टेबलावर स्टिक आपटली, ते पेपरात छापून आलं. मी मुलींना रडवते अशी तक्रार तर दर वर्षी यायची, गॅदरिंगच्या आमंत्रणासारखी. हे वाद मी आजही रंगवून सांगते. लग्नकार्यात लोक मला घेरून बसतात, "स्कूटरचा किस्सा सांगा ना" म्हणतात. का नाही सांगणार? त्या सगळ्यांत मी बरोबर होते.

पण कॉलेजात माझी एक चौकशीही झाली होती. ती मी कोणाला सांगत नाही.

त्यासाठी आधी अबोला सांगायला हवा. अबोला तुमच्याही घरात असेल. आमच्या घरात तो एखाद्या काकासारखा राहायला होता. माझी आई वडिलांशी सलग दोन महिने बोलली नव्हती, आणि त्या दोन महिन्यांत वडील भाजी निवडायला शिकले. म्हणजे हत्यार जबरदस्त. ते मी मैदानावर आणलं. काय हुशारी वाटली होती मला माझी! ओरडून मुली सुधारत नाहीत, पळायच्या शिक्षेने फक्त त्यांचे पाय मजबूत होतात — पण अबोला? जिने चूक केली तिच्याशी पुढच्या मॅचपर्यंत टीममधल्या कोणीही बोलायचं नाही. खेळताना बॉल मागण्यापुरतं बोलायचं, बास. तिनेही कोणाशी बोलायचं नाही, आणि माझ्याशी तर मुळीच नाही. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. आणि ही गोष्ट मैदानाबाहेर न्यायची नाही. टीमचं ते टीममध्ये. मुली हे निष्ठेने पाळायच्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, दिवसभर चिमण्यांसारख्या बोलणाऱ्या, माझ्या एका शब्दावर तोंड मिटायच्या. मला त्याचा अभिमान होता. कशाचा अभिमान वाटावा याला माणसाला काही सुमार असावा की नाही?

शमीम आमची सेंटर हाफ, मैदानाच्या मध्यावर खेळ सांभाळणारी. तिचं नाव मी बदललेलं नाही. तिला लपायचं काही कारण नाही, लपायचं काम माझं होतं. कसबा पेठेतली मुलगी. वडिलांचं रिक्षाचे हूड आणि सीटा शिवायचं दुकान होतं, एका खोलीचं, मागे घर. हूड शिवून उरलेल्या रेक्झिनच्या पट्ट्या कापून ते आमच्या सगळ्यांच्या स्टिकच्या मुठींना गुंडाळून द्यायचे. हिरवा, काळा, कधी मधेच लालभडक. आमच्या टीमच्या स्टिक रिक्षा स्टँडसारख्या दिसायच्या. आणि शमीम — कशी सांगू? बॉल तिच्याकडे यायचा नाही, ती बॉल जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभी असायची. अशी मुलगी कोचला आयुष्यात एकदा मिळते. मला मिळाली होती. आणि ती चेष्टेखोर होती.

फायनलच्या आधीचा सोमवार. मला यायला उशीर झाला, आणि मी फाटकातून आत आले तेव्हा टीम माझ्याकडे पाठ करून बसली होती, समोर शमीम — मी बनून. छाती काढून, पावलं मोजत, तोंडात न दिसणारी शिट्टी, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी भुवया वर ओढून धरलेल्या. "मुलींनोऽ, हॉकी हा खेळ नाही. हॉकी हा संस्कार आहे. वंदना, संस्कार दिसू दे, खाली वाक!" मुली गवतावर लोळत होत्या. हुबेहूब होतं हो! आज कोणी माझी अशी नक्कल केली तर मी तिला पुन्हा करायला लावीन, व्हिडिओ काढून घेईन. पण तेव्हाची लष्करप्रमुख? ती जागच्या जागी गोठली. मग शिट्टी वाजवली आणि म्हणाली, "शमीम. अबोला. फायनलपर्यंत."

शमीमने मान खाली घातली. ओठांच्या कोपऱ्यात हसू तसंच अडकलेलं होतं, ते तिने गिळलं.

मंगळवारी सरावात बॉल उसळला. तेव्हा आजच्यासारखी हिरवी गुळगुळीत मैदानं नव्हती. माती, खडे, मधेच गवताचं ठिगळ. बॉल कशावर तरी आपटून उडाला तो सरळ तिच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या हाडावर. ती खाली बसली. मुली धावल्या, पाणी मारलं, कोणी ओढणी भिजवून लावली — पण कोणी विचारलं नाही, फार दुखतंय का म्हणून. विचारायचं नव्हतं ना. ती उठली. मी लांबूनच म्हणाले, बाकीच्यांना उद्देशून म्हणाले, "उठली ना? मग चला आपापल्या जागी." डोळा सुजला होता. सूज काय, हॉकीत पोरींना रोज येते. इथपर्यंतचं मी माफ करू शकते. माफ करणारी मीच, हे चांगलं आहे.

बुधवारी ती आली. सूज उतरत होती. पण — हे मी नीट सांगते, कारण नंतर याच्यावर मी फार माती टाकली — बुधवारीच मला दिसलं. डावीकडून येणारा बॉल बघायला ती अख्खी मान वळवत होती. जी मुलगी बॉल यायच्या आधी पोचायची ती डावीकडच्या बॉलला उशिरा पोचत होती. गुरुवारी तेच. एकदा वंदना डावीकडून अंगावर आली तर शमीम दचकली, भिंतीतून माणूस निघाल्यासारखी. एकतीस वर्षांत मला हॉकीतलं काय कळलं काय नाही, देव जाणे. पण कोणाचं कुठे दुखतंय ते मला मुलगी फाटकातून आत येतानाच कळायचं. चालीवरून कळायचं. ते प्रत्येक कोचला कळतं. कोणी काही म्हणो, कळतं.

शुक्रवारी हजेरीची वही उघडली तर आत चिठ्ठी. वहीच्याच रेघांच्या कागदाची, चार घड्या घातलेली.

*मॅडम, डाव्या डोळ्यात काळे ठिपके फिरतात, मधेच वीज चमकते, आणि कडेने पडदा आल्यासारखं दिसतं. दवाखान्यात जाऊन येऊ का? बोलायला बंदी आहे म्हणून लिहिलं. चुकलं असेल तर माफ करा. शमीम.*

मी ती तीनदा वाचली. आज मला माझ्या नातीचा फोन नंबर पाठ नाही, पण हे पाठ आहे.

तुम्ही विचाराल, मुलगी विचारत कशाला बसली? सरळ गेली का नाही डॉक्टरकडे? कारण मला न विचारता दवाखान्यात गेली ती टीमबाहेर, असा माझा आणखी एक नियम होता. सरावाच्या दिवशी पोटदुखीच्या सबबी सांगून सिनेमाला जाणाऱ्या काही बहाद्दर निघाल्या होत्या, त्यांच्यासाठी केलेला. आणि घरी सांगितलं असतं तर अब्बांनी फायनलला पाठवलं नसतं. तिला फायनल खेळायची होती. मला तर तिच्याहून जास्त खेळायची होती. आमच्या कॉलेजने तो कप कधीच जिंकला नव्हता, आणि शमीमशिवाय जिंकणं शक्य नव्हतं. बास. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर मी सांगितलं असतं — मीच शोधून थकले.

मी मान वर केली. ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला स्टिक धरून उभी होती, माझ्याकडे बघत. ती वाट बघत होती. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली, पर्सची साखळी लावली आणि शिट्टी वाजवली. तिला उत्तर कळलं. ती धावायला लागली.

चिठ्ठी खोटी आहे असं मला वाटलं का? अबोला मोडायचं निमित्त काढतेय असं? पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले. आता सांगत नाही. मला तसं एक क्षणही वाटलं नव्हतं.

रविवारी खडकीच्या मैदानावर फायनल झाली. शमीम अशी खेळली की लष्करातले म्हातारे खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. आपलं डोकं ती दीपस्तंभाच्या झोतासारखं सतत फिरवत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. डावी बाजू बघायला. लोकांना वाटलं, केवढं तिचं मैदानावर लक्ष! दोन गोल तिच्या पासवर झाले. आम्ही जिंकलो. मुलींनी मला उचललं. अबोला संपला होता, सगळ्या तिच्याशी एकदम बोलत होत्या, आणि ती त्या गलक्यात हसत उभी होती, डावा डोळा मिटून. फोटोतही मिटलेलाच आहे. लोक म्हणायचे, नेमकी क्लिकच्या वेळी पापणी लवली.

सोमवारी सकाळी पडदा मधोमध आला. डोळ्याच्या आतला पडदा माराने फाटून सुटत चालला होता. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर डोळा वाचवता आला असता, आता प्रयत्न करू. त्यांनी प्रयत्न केला. डोळा गेला.

दोन-तीन दिवस आधी. तुम्ही बोटं मोजा. मी मोजली आहेत.

मग चौकशी. प्राचार्य, एक विश्वस्त बाई आणि कॉलेजचे डॉक्टर, असे तिघं. मला दोन दिवस आधी नोटीस आली. त्या संध्याकाळी मी घरी आले, पर्समधून चिठ्ठी काढली, तिचे बारीक तुकडे केले आणि चहाच्या चोथ्यात कालवून टाकले. चोथा मी गुलाबाला घालते. तो त्या दिवशी घातला नाही, कचऱ्यात टाकला. नवरा म्हणाला, "आज गुलाबाला उपास?" मी त्याच्यावर खेकसले. बघा — एवढं सगळं मला स्वच्छ आठवतं, आणि मी जन्मभर म्हणत आले, त्या दिवसांतलं मला धड आठवत नाही.

प्राचार्यांच्या खोलीत शमीम डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती. शेजारी तिचे वडील, टोपी हातात. ती म्हणाली, "मी मॅडमना चिठ्ठी दिली होती. शुक्रवारी. हजेरीच्या वहीत ठेवली होती."

विश्वस्त बाईंनी चष्मा खाली केला. "चिठ्ठी? अगं, मॅडम समोर उभ्या होत्या ना? तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

आणि शमीम गप्प बसली.

कळतंय का तुम्हाला? ती अबोल्याबद्दल बोलली नाही. टीमचं ते टीममध्ये! एक डोळा गेलेला, समोर तीन मोठी माणसं, आणि ती माझा नियम पाळत बसली होती. नियम सांगितल्याशिवाय चिठ्ठी खरी वाटत नव्हती — कोणती धडधाकट मुलगी दहा हातांवरच्या माणसाला पत्र लिहिते? — आणि नियम तिने सांगितला नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. आता मॅडम सांगतील, असं होतं ते पाहणं. एवढीच अपेक्षा. मी "होय, अबोला होता" इतकंच म्हटलं असतं तरी बाकीचं सगळं आपोआप उलगडलं असतं.

प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, आपल्याला हिने काही सांगितलं होतं का? तोंडी, लेखी, कसंही?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही. कळलं असतं तर मी हिला खेळवलं असतं का सर?"

आवाज अजिबात कापला नाही. उलट शेवटच्या वाक्याला जरा दुखावल्यासारखा झाला. किती छान अभिनय! शमीमने नुसती माझी चाल उचलली होती. मी अख्खा सज्जन माणूस उभा केला.

एकीने तिला चिठ्ठी ठेवताना पाहिलं होतं. वंदनाने. ती माझ्याकडे एकटीच आली, नुसती उभी राहिली. मी तिला म्हणाले, पुढच्या वर्षी कॅप्टन तूच. ती गेली. हेही माझ्याच खात्यावर लिहा, तिच्या नको. ती एकोणीस वर्षांची होती.

इथे थांबले असते तरी पुरे होतं. पण दुसऱ्या आठवड्यात शमीमचे वडील तिला घेऊन कॉलेजात आले. मी व्हरांड्यात उभी होते. ते म्हणाले, "बाई, पोरगी घाबरली म्हणून काहीबाही बोलली. डोळ्याचं काय, नशिबाचा भाग आहे. पण गुरूवर आळ घ्यायचा, हे आमच्या घरात चालत नाही." आणि तिच्याकडे वळून, "दे."

तिने माफीनामा लिहून आणला होता. त्यांनीच लिहून घेतला होता. आपल्या मुलीचं खरं मानावं की कॉलेजातल्या बाईंचं, या प्रश्नावर त्या सरळ माणसाने विचारच केला नव्हता. बाई खोटं बोलतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. "मोठ्याने वाच," ते म्हणाले.

ती वाचू लागली. एका डोळ्याने ओळ सापडत नव्हती, बोट ठेवून वाचत होती. मी मॅडमवर खोटा आरोप केला. मी चिठ्ठी दिली नव्हती. माझी चूक झाली. मी तिच्या डाव्या हाताला उभी होते. वाचून झाल्यावर मला बघायला तिने मान वळवली — सगळी, खांद्यापर्यंत, जशी त्या बुधवारी वळवली होती — आणि बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी आज इतकी वर्षं वाचले असते. ती नुसती बघत होती, मी नक्की कोण आहे ते.

मी म्हणाले, "असू दे, असू दे. मी मनात काही ठेवलेलं नाही." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

हात फिरवला मी.

ती कॉलेजात परत आली नाही. पुढे कळलं, वडिलांच्या दुकानात मशीनवर बसते, हूड शिवते. लग्न झालं, की मोडलं, की झालंच नाही — वेगवेगळं ऐकलं. कसब्यातून जायची वेळ आली की मी लांबून वळसा घालते. रिक्षावाल्यालाही घालायला लावते. तो म्हणतो, "आजी, सरळ जवळ पडतं." मी म्हणते, तू मला पुणं शिकवू नकोस.

अबोला मी पुढच्या वर्षी बंद केला. लोक म्हणाले, बाई मवाळ झाल्या. नंतर आणखी कप आले, एक पुरस्कारही आला. निवृत्तीच्या समारंभात मुली रडल्या. एक म्हणाली, मॅडम कडक होत्या, पण कोणाला साधं खरचटलं तरी स्वतः दवाखान्यात न्यायच्या. खरं आहे. त्या वर्षापासून न्यायचे. टाळ्या वाजल्या, आणि मी डोळे टिपले. रुमाल इस्त्रीचा होता.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. जुनं पाप अंगवळणी पडतं. चष्म्यासारखं, नाकावर आहे हे विसरायला होतं. पण गेल्या हिवाळ्यात सईचा फोन आला.

सई माझी नात. थोरल्या मुलाची, अमेरिकेतच जन्मलेली. तिकडे इतकी थंडी की तळ्यावर गाड्या चालवतात म्हणे. ती कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये बर्फावरची हॉकी खेळते, आणि सगळ्यांना सांगते, हे माझ्या आज्जीकडून आलंय. त्यांची कोच मोठी नावाजलेली बाई, पंचवीस वर्षांत ढिगाने विजेतेपदं. आता तिच्यावर चौकशी बसली होती. सईच्या मैत्रिणीच्या डोक्याला लागलं होतं. मैत्रीण म्हणत होती, मी कोचला सांगितलं, मला गरगरतंय; तरी तिने मला खेळायला उतरवलं. कोच म्हणत होती, मी ऐकलंच नाही. त्या वेळी कपडे बदलायच्या खोलीत तिसरी फक्त सई होती. कोच पाठमोरी उभी राहून फळ्यावर काहीतरी लिहीत होती, मैत्रीण हळू आवाजात बोलली होती. लिहिता लिहिता कोचचा हात क्षणभर थांबला, असं सईला वाटलं होतं. वाटलं होतं फक्त.

"आज्जी, तू तर एकतीस वर्षं कोच होतीस. खरं खरं सांग हं. असं होऊ शकतं का, की प्लेयरने सांगितलं आणि कोचला खरंच नाही कळलं?"

तिचा चेहरा स्क्रीनभर होता. मी काय सांगायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे. कळतं, सई. सांगायच्या आधीपासून कळतं. हात थांबला ना? मग कळलं होतं. — एवढंच. पण मग तिने विचारलं असतं, तुला कसं गं माहीत?

मी म्हणाले, "होतं गं बाळा. मॅचच्या गडबडीत कोचचं डोकं ठिकाणावर नसतं. आम्हाला खरंच ऐकू येत नाही."

सईने चौकशीत सांगितलं की कोचने ऐकलं असेल असं मला वाटत नाही. हात थांबल्याचं सांगितलं नाही. कोच राहिली. मैत्रिणीने टीम सोडली, कॉलेजही बदललं. सईचे मेसेज ती वाचते आणि उत्तर देत नाही. सई मला म्हणाली, "बरं झालं तुला विचारलं आज्जी. नाहीतर मी उगाच त्या बाईवर अन्याय केला असता."

तेव्हा मी पस्तिशीतली नव्हते. कप नव्हता, नोकरी नव्हती, समोर चौकशीतले तिघं नव्हते. गळ्यात शिट्टी नव्हती. त्र्याहत्तर वर्षांची बाई, खुर्चीत शाल घेऊन बसलेली, कोणाला भीत नाही असा जिचा लौकिक — आणि तोंडातून तेच बाहेर आलं. तेव्हाची ती आखडू बाई मूर्ख होती म्हणून मी मघापासून तिची टिंगल करतेय. पण ती कोणी वेगळी बाई होती, असं मला आता म्हणता येत नाही.

त्यानंतर दर रविवारी सईचा फोन येतो. ती पाऊण तास बोलते. दर रविवारी मी तिला गुडघ्यांचं सांगते, शेजारणीचं सांगते, हसवते. फोन ठेवते.

आणि आता हे लिहून काढलं. सई मराठी छान बोलते. वाचता तिला येत नाही. लिहायला बसले तेव्हा ते मला माहीत होतं.